हिरड्याखाली बसलेलं गाव

धापखिंडीतल्या हिरड्याला त्या वर्षी फळांपेक्षा फोन जास्त लागले होते.

खाली आंबेकुंडाच्या खोऱ्यात रेंज नव्हती. जमाना असा, की चंद्रावर गेलेल्या माणसाशी बोलता येत होतं. आंबेकुंडात गेलेल्या माणसाशी येत नव्हतं. रेंज मिळायची ती वर खिंडीत, तीही हिरड्याच्या बुंध्यापाशी. म्हणून ज्यानं त्यानं आपला फोन वर आणायचा, कापडी पिशवीत घालायचा आणि फांदीला टांगायचा, अशी रीत पडली होती. झाडाला लागून ठकाजी बांबळ्याची चहाची टपरी. टपरीवर सौर पत्रा, पत्र्यातून निघालेल्या वायरी वेलीसारख्या फांद्याफांद्यांवर चढलेल्या. फोन वाजला की ठकाजी उचलायचा, कड्यावर जाऊन तोंडाला पंजा लावायचा आणि खाली हाळी द्यायचा, "भांगऱ्यांच्याऽऽ! सून बाळंत झालीऽऽ! पोरगीऽऽ!"

या रीतीतला एक नियम बाहेरच्याला उलटा वाटायचा. जो तालुक्याला, सोनखांबला जाईल त्यानं फोन झाडालाच ठेवायचा. का? तर फोन बरोबर नेला, की घरी निरोप द्यायचा कुणाच्या फोनवर? तालुक्यात काय, दवाखान्यात, दुकानात कुणीही घटकाभर फोन देतं. तिथून आपलाच नंबर लावायचा. इथं ठकाजी उचलतो, हाळी जाते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. फोन माणसाचा नव्हताच मुळी. घराचा होता. घर सोडून जाताना कुणी चूल बरोबर नेतं का?

त्या सकाळी मंदा लोहकरे पोरीचा फोन फांदीला बांधत होती.

"घट्ट बांध गं आई," ईश्वरी म्हणाली. "मागल्या खेपेला माकडानं नेला आणि मामाला लावला."

"लावला तर लावला. मामा बोलला ना त्याच्याशी! वर मला म्हणतो, ईश्वरीचा आवाज बसलाय, काढा दे."

ठकाजी टपरीतून खोकत हसला. ईश्वरीही हसली आणि हसता हसता दम लागून दगडावर टेकली. एकोणीस वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. आठवड्यातून तीनदा सोनखांबच्या सरकारी दवाखान्यात जायचं, यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त धुवून यायचं. डॉक्टर त्याला डायलिसिस म्हणत. गाव म्हणे, ईश्वरी रक्त धुवायला गेली. डाव्या हातावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती. तिथं सुई लागली की नर्सबाई टेबलावरचा फोन लावायची आणि खिंडीतून हाळी यायची, "मंदेऽऽ! सुई लागलीऽऽ!" ती ऐकेपर्यंत मंदाच्या हातात हिरडा वेचायची पाटी असायची खरी, पण पाटीत काय पडतंय ते तिला कळत नसायचं.

गाडी आली. सकाळची एकच गाडी, खिंडीतून सोनखांबला, संध्याकाळी परत. ईश्वरी चढली, मागून शाळेची पोरं चढली, हिरड्याची पोती चढली, एक शेळी चढली. गाडी गच्च भरली. दारावरच्या पट्टीवर हिरवे आकडे चमकले. प्रवासी, शून्य.

हे कसं, ते सांगायला हवं. तिकीट बंद झालं तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. प्रवास फुकट! कंडक्टर गेला, तिकिटाचं यंत्र गेलं. आता दारावरची पट्टी आत आलेले फोन मोजायची. आणि या खोऱ्यातला माणूस फोन झाडाला टांगून यायचा. तिकीट गेलं ते एकटं गेलं नाही, माणसाला घेऊन गेलं. ड्रायव्हरनं दोनदा वर कळवलं की गाडी भरून जाते. त्याला उत्तर आलं, तुमचं मत नोंदवण्याची सोय नाही.

गाडीच्या काचेवर त्या दिवशी नवा कागद होता. नारोळी ते सोनखांब प्रवासपट्ट्यासाठी कोणता मार्ग निवडावा, यावर जनसुनावणी. सोनखांबच्या सभागृहात.

"जायचं," ठकाजी म्हणाला. "सगळ्यांनी जायचं. मी फोन बघतो."

मग काय, सुनावणीच्या दिवशी आंबेकुंड, तळपाडा, हिरडेवाडी तिन्ही गावं फोन झाडाला टांगून निघाली. एका गाडीत मावेनात, काही मालाच्या टेंपोत बसले. सभागृहाच्या खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या, दारात माणसं उभी राहिली.

पुढं भिंतभर पडदा होता. त्याच्याजवळ प्राधिकरणाचा तरुण अभियंता, पुष्कर हिंगमिरे. साधा मुलगा, बोलायला गोड, शर्टाची बाही सारखी खाली ओढायचा. त्यानं आधी 'आरसा' म्हणजे काय ते सांगितलं. या पट्ट्यात जेवढी माणसं राहतात तेवढीच यंत्रात आहेत. प्रत्येकाचा एक प्रतिमाणूस. खरा माणूस कुठं जातो, किती वेळानं येतो, ते फोनवरून यंत्र शिकतं आणि प्रतिमाणूस तसाच वागतो. मग यंत्रात रस्ता बांधून बघायचा, रेल्वे टाकून बघायची, आणि चाळीस वर्षं क्षणात पळवायची. ज्या पर्यायात सगळ्यांचा मिळून जास्त वेळ वाचला, तो पर्याय खरा.

"म्हणजे मत नाही, भांडण नाही, पुढाऱ्याची मर्जी नाही," तो म्हणाला. "निव्वळ न्याय."

रेल्वे आधीच बाद झाली होती. उरले दोन. पहिला, खोऱ्यावरून खांबांवर जाणारा सहापदरी महामार्ग. दुसरा, जुना घाटरस्ता नीट करून त्यावर अर्ध्या तासाला एक छोटी विजेवरची बस. पहिला पर्याय भलताच पुढं होता. महामार्गाला खिंडीत उतरायला वाट नव्हती. उतरणारं कुणी आहे असं यंत्राला दिसत नव्हतं. आणि काम सुरू झालं की घाट बंद होणार, घाट बंद तर गाडीही बंद.

"आता हरकती," पुष्कर पडद्याकडं बघून वाचू लागला. "सभागृहात उपस्थित, अकरा. बाधित क्षेत्रातून, शून्य. म्हणजे बाधितांची हरकत नाही असं..."

त्यानं मान वर केली. समोर तीन गावं उभी होती.

"आम्ही काय भुतं आहोत का रं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पण... तुम्ही खिंडीत आहात," पुष्कर म्हणाला. पडद्यावर हिरड्याचं झाड होतं आणि त्याखाली ठिपके, दाटीनं, मुंग्यांसारखे. "दोन वर्षं तुम्ही सगळे खिंडीतच आहात. आम्हाला वाटलं, तुमची वस्तीच तिथं आहे. बैठी वस्ती."

मंदा पुढं गेली. तिनं आपला नंबर सांगितला. पुष्करनं लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. सभागृहभर ठकाजीचा खोकला घुमला.

"मंदा ना? ती नाही इथं. तालुक्याला गेलीय, त्या आरशावाल्याच्या बोडक्यावर बसायला. काय निरोप?"

सभागृह हसलं. पुष्कर हसला नाही. तो बाही ओढायचा थांबला. एवढ्या शिकलेल्या पोराच्या तोंडावरचा रंग उतरताना मंदानं पहिल्यांदाच पाहिला, आणि तिला कळलं की आपलं म्हणणं त्याला पटलंय आणि तरीही काही होणार नाहीये.

"माझी ईश्वरी दाखवा," ती म्हणाली.

त्यानं एका ठिपक्याला हात लावला. ठिपका मोठा झाला. झाडाखाली ईश्वरी बसली होती. तोच चेहरा, तीच वेणी.

"ही रक्त धुवायला कधी जाते?"

"जात नाही, मावशी. आजाराच्या नोंदी दुसऱ्या खात्याकडं असतात. कायद्यानं आम्हाला त्या बघता येत नाहीत. आरशातल्या माणसाला आजार नसतो."

"मग मरतं कशानं?"

"म्हातारपणानं."

"दाखवा."

पुष्कर घुटमळला. मग त्यानं वर्षं पळवली. यंत्र नोंदणीच्या फोटोवरून चेहरा वाढवत नेत होतं. ईश्वरी पंचविशीची झाली, गाल भरले. चाळिशीची झाली, कानाजवळ एक पांढरी बट आली. मग साठीला टेकलेली बाई, मंदाच्या सासूसारखी दिसणारी, हिरड्याखाली निवांत बसलेली. डावा हात मांडीवर. हातावर शीर फुगलेली नाही. सुईचा एक डाग नाही.

डॉक्टरांनी मंदाला जे कधी सांगितलं नव्हतं, नुसतं 'बघू' म्हणून टाळलं होतं, ते तिच्यासमोर भिंतभर बसलं होतं. तिचा पाय तिथून निघेना.

"चल आई," ईश्वरीनं तिचा पदर ओढला. "पांढरे केस बरे दिसतात की मला."

* * *

हरकतीला महिनाअखेरपर्यंत मुदत होती. पुष्करनं वरच्या मॅडमना कळवलं. मॅडम म्हणाल्या, लोकांच्या सांगण्यावर आरसा बदलत नाही, नोंदी बदलल्या तर बदलेल. मग गावानं ठरवलं, फोन घेऊन फिरायचं. हाळीची सोय गेली तरी चालेल. सोमवारी सगळ्या पिशव्या झाडावरून उतरल्या. गाडीच्या पट्टीवर पहिल्यांदा शून्याच्या जागी भरघोस आकडा आला. ड्रायव्हरनं आनंदानं भोंगा वाजवला, शेळी बिचकली.

गुरुवारी यंत्राचं उत्तर आलं. दोन वर्षं एका जागी असलेले सगळे फोन एकाच दिवशी हलले, म्हणजे कुणीतरी ते पोत्यात भरून फिरवतंय. बनावट हालचाल. सगळ्या नोंदी बाद.

खोटं दोन वर्षं खरं म्हणून चाललं, आणि खरं चार दिवसांत खोटं ठरलं. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्याकडं याला दुसरा शब्द आहे, तो छापत नाहीत.

महिना संपला. गाडी बंद झाली. घाटाच्या तोंडाशी लोखंडी फाटक आलं. त्याच्या कडेनं मोटारसायकल तेवढी जाई, तीही जीव मुठीत धरून, कारण पुढं सुरुंगाचं काम चालू. मंदाचा भाऊ सुदाम, तोच तो माकडाशी बोललेला मामा, ईश्वरीला मागं बसवून ओढणीनं आपल्या पाठीशी बांधायचा आणि न्यायचा. परत येताना पोरीला भोवळ यायची. एकदा सुरुंगासाठी वाट अडवली, ते पोचेपर्यंत दवाखान्यातला तिचा नंबर गेला. दोन दिवसांत तिचा चेहरा सुजला. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा, तो भरायचाच नाही. आडवं झालं की धाप लागायची. भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "बघ आई, मी बैठी वस्ती झाले."

तालुक्याला खोली घेऊन राहा, असं चार शहाण्यांनी सांगितलं. मंदानं शोधल्याही. पण पोट भरणारं रान खोलीत बरोबर नेता येत नाही, आणि अंथरुणाला खिळलेली सासू तर नाहीच नाही. आणि ती गेली असती तरी मागं तळपाड्याची पोटुशी यमुना होती, शाळेतली पोरं होती. सगळ्यांनीच खोल्या घ्यायच्या? मग खोरं कशाला ठेवलंय, खांब रोवायला?

अशात एका सकाळी पुष्कर खिंडीत आला. चालत, घामाघूम, पाठीवर यंत्राची पिशवी. फोन तोवर पुन्हा झाडावर चढले होते. ठकाजीनं त्याला चहा दिला, पण कपबशीत नाही, पेल्यात. कपबशी पाहुण्यांना असते.

"मॅडमना माहीत नाही मी आलोय," तो म्हणाला. "एक वाट आहे. आजार आम्हाला बघता येत नाही. पण ज्याचा त्यानं स्वतःहून आपल्या प्रतिमाणसात घातला, तर यंत्राला तो घ्यावाच लागतो."

"घातला तर?" मंदानं विचारलं. ईश्वरी शेजारी दगडावर बसली होती, सुदाम मोटारसायकल पुसत होता.

"तर गाडी नसलेल्या पर्यायात ती..." पुष्कर ईश्वरीकडं बघेना. "यंत्राला मरण मोजावं लागतं, मावशी. वाचलेल्या मिनिटांपेक्षा ते जड असतं. कायद्यातच आहे."

"म्हणजे तिला मारायची."

"आरशातली."

"तीच एक म्हातारी होणारी आहे!" मंदा ओरडली. कड्यावरून आवाज फिरून आला. "तुम्हीच दाखवलीत ना? माझी पोर चांगली साठीची झालेली? आता माझ्याच हातानं म्हणता..."

"तुझा हात कुणी मागितलाय?" ईश्वरी म्हणाली. "माझा मागतायत ते. आई, ती झाडाखाली बसून नुसती जाडी झालीय. दोन वर्षं एक सुई नाही टोचून घेतली तिनं. माझ्यासाठी एवढं तरी करू दे तिला."

आणि तिनं आपला सुजलेला अंगठा पुढं केला.

पुष्करनं टपरीच्या फळीवर पडदा उघडला. आजार घातला, पर्याय पहिला लावला आणि दिवस चालू केले, हळू. मंदानं पाठ फिरवली होती. मग ठकाजी "अरे!" म्हणाला, म्हणून ती वळली.

झाडाखालची ईश्वरी उठली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. उठून रस्त्यावर आली आणि कडेला उभी राहिली.

"काय करतेय?" मंदानं विचारलं.

"गाडीची वाट बघतेय. दवाखान्याचा दिवस आहे."

पडद्यावर दुपार झाली. ती उभीच. संध्याकाळी परत येऊन बसली. दोन दिवसांनी पुन्हा उठली, पुन्हा उभी राहिली. पुन्हा.

"अगं, नाही येत गाडी," मंदा पडद्याला म्हणाली. "नको उभी राहूस उन्हात."

दुसरा आठवडा लागायच्या आत ती रस्त्याकडेला बसली आणि विझली. जागा मोकळी झाली, एवढंच. आवाज नाही, काही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात महामार्गाच्या गुणांची पट्टी होती, ती केसभर खाली आली. केसभरच.

"बस?" सुदाम म्हणाला.

"दुसऱ्या पारड्यात लाखभर गाड्या आहेत," पुष्कर हळू म्हणाला. "रोजची चार-चार मिनिटं. चाळीस वर्षं. एका माणसानं पारडं फिरत नाही."

ठकाजी पेले विसळायचा थांबला. "माझा दमा घाल. ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी महिन्याला जातो मी."

"बाबा, तुम्हीही तिथं..."

"विझेन. कळलं. घाल."

त्यानं कड्यावर जाऊन हाळी दिली. आजवर दिली नव्हती इतकी लांब. खालून माणसं चढू लागली. यमुना आली, पोटावर हात ठेवून, म्हणाली, आडवं मूल आहे म्हणतात, घाला. साखरेच्या आजाराचे आले, फेफऱ्याचे आले, विंचवाच्या हंगामाचं काय करता म्हणून विचारणारे आले. हिरड्याखाली दाटी झाली. यंत्रानं दोन वर्षं जे खोटं दाखवलं होतं, ते आता खरं झालं होतं. अख्खं गाव झाडाखाली बसलं होतं, मरायला नंबर लावून.

"साहेब, आकडा तर सांगा," रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "किती मेलो म्हणजे गाडी येते?"

पुष्कर बोटं चालवत राहिला. बाहीनं डोळे पुसायचा, पुन्हा चालवायचा.

दवाखान्याची वेळ होत आली. सुदामनं ईश्वरीला पाठीशी बांधली. तिनं आपला फोन स्वतःच फांदीला टांगला, गाठ घट्ट मारली. "सुई लागली की कळवते," म्हणाली, नेहमीसारखी. मोटारसायकल फाटकाच्या कडेनं वळणाआड गेली. पलीकडून सुरुंगाचा भोंगा ऐकू आला. अडवतील की सोडतील, इथून काही कळत नव्हतं.

मंदाचा नंबर आला.

"तुम्हाला काय आजार?" पुष्करनं विचारलं.

"काही नाही."

"मग तुमच्यात काही बदल होणार नाही, मावशी."

"होणार कसा नाही? पोरगी विझली तेव्हा ती आतली मंदा शेजारीच बसली होती ना? तिनं काय केलं, दाखवा."

त्यानं दिवस मागं नेले. ईश्वरी विझली. तिच्या हाताच्या अंतरावर मंदा बसली होती. तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. पुष्करनं महिना पळवला, वर्ष पळवलं. तीच मांडी, तीच मान.

"हिला आधी रडायला शिकवा," मंदा म्हणाली. "मग रस्ता कुठून न्यायचा ते बघा. कुठल्या खात्याकडं असतं ते?"

तिनं उत्तराची वाटही पाहिली नाही. ईश्वरीच्या पिशवीखाली जाऊन ती बसली आणि मान वर करून त्या कापडाच्या गाठीकडं बघत राहिली. आज ठकाजीच्या हाळीची गरज नव्हती, फोन वाजला तर तिलाच आधी ऐकू येणार होता. ऊन वर चढलं. दूर घाटात एक सुरुंग उडाला, झाडावरच्या सगळ्या पिशव्या हलल्या आणि थांबल्या.

आता तरी वाजेल ना?